जुनी व्यापारी इमारत वाढवताना आग-इशारा यंत्रणेचे काय करावे

व्यापारी इमारतीवर मजला चढवायचा किंवा शेजारी नवी बाजू जोडायची ठरली की वास्तुविशारद, स्ट्रक्चरल अभियंता आणि कंत्राटदार पहिल्या बैठकीपासून हजर असतात. फायर अलार्मचा माणूस मात्र बहुधा फॉल्स सीलिंगचे काम सुरू झाल्यावर बोलावला जातो. नव्या भागात धूर किंवा उष्णता ओळखणारे किती डिटेक्टर लागतील हे काढणे सोपे असते, पण जुने पॅनेल, म्हणजे सगळे डिटेक्टर जिथे जोडलेले असतात ती नियंत्रण-पेटी, त्यांना सामावून घेईल का, या प्रश्नावर खर्च अवलंबून असतो आणि तो तेव्हा विचारून उपयोग नसतो.

म्हणून सुरुवात पॅनेलपासून करावी. पॅनेल कन्व्हेन्शनल, म्हणजे आग कोणत्या झोनमध्ये (डिटेक्टरांच्या गटात) आहे एवढेच दाखवणारे, असल्यास किती झोन मोकळे आहेत ते पाहावे. अ‍ॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारे, असल्यास लूपवर (डिटेक्टर जोडणाऱ्या तारेच्या फेऱ्यावर) किती जागा उरली आहे आणि त्या मालिकेचे डिटेक्टर आजही बाजारात मिळतात का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे, कारण एका कंपनीचे अ‍ॅड्रेसेबल डिटेक्टर दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलवर सहसा चालत नाहीत. डिटेक्टर आणि हूटर (इशारा देणारे भोंगे) वाढले की बॅटरीवरचा भारही वाढतो, तेव्हा तिचे गणित नव्याने मांडून घ्यावे. नव्या भागाला स्वतंत्र पॅनेल देऊन मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो; माझ्या मते, एका पॅनेलवरचा इशारा दुसऱ्या भागातही वाजणार असेल तरच तो मार्ग पत्करावा. जिना सामायिक असताना जुन्या बाजूची आग नव्या बाजूला कळलीच नाही, तर त्या यंत्रणेला अर्थ काय?

महाराष्ट्रात या सगळ्याला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे आणि त्यानुसार जबाबदारी मालकाची व भोगवटादाराची असते, कंत्राटदाराची नव्हे. वाढीव नकाशे अग्निशमन विभागाकडे आधी सादर करून ना-हरकत घ्यावी आणि काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यावे. एका मजल्याने इमारतीचा वर्गच बदलू शकतो, हे विसरू नये: राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये १५ मीटर व त्याहून उंच इमारत ‘उंच’ धरली जाते, तर स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीतील मर्यादा निराळी असू शकते. वर्ग बदलला की जुन्या मजल्यांवरही नव्या अपेक्षा येतात, त्यामुळे अंदाजपत्रक फक्त नव्या चौरस फुटांचे करू नये.

डिटेक्टरच्या मांडणीसाठी भारतीय मानक २१८९ पाहिले जाते. सपाट छताखाली कोणत्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर ७.५ मीटरच्या आत आणि हीट डिटेक्टर ५.३ मीटरच्या आत असावा. छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत पोहोचणारे पार्टिशन भिंतच समजावे. नेमके इथेच चुकते, कारण मंजूर नकाशात मोकळा दिसणारा हॉल भाडेकरू आला की सहा केबिनांत विभागला जातो आणि तीन केबिनांत डिटेक्टरच उरत नाही. हूटरचा आवाज ६५ डेसिबल, किंवा भोवतालच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल अधिक असायला हवा, आणि तो केबिनचे काचेचे दार बंद करून मोजावा.

काम चालू असताना प्लास्टरच्या धुळीने डिटेक्टर खोटे इशारे देतात, म्हणून त्यांच्यावर टोप्या चढवल्या जातात किंवा झोन बंद ठेवला जातो. त्याची नोंद पॅनेलशेजारच्या वहीत तारीख-वेळेसह व्हावी, टोप्या रोज संध्याकाळी काढल्या जाव्यात आणि तोवर त्या मजल्यावर माणसाची फेरी असावी. उद्घाटन होऊन महिना उलटल्यावरही केशरी टोपी घालून बसलेला डिटेक्टर मी स्वतः पाहिला आहे.

हस्तांतरणापूर्वी नव्या भागातला प्रत्येक डिटेक्टर चाचणीच्या फवाऱ्याने तपासावा, आणि लिफ्ट तळमजल्यावर येते का, वातानुकूलन बंद होते का, कार्डावर उघडणारी दारे मोकळी होतात का, हे दोन्ही भागांत एकाच वेळी पाहावे. मुख्य वीज बंद करून तीच चाचणी बॅटरीवर पुन्हा घ्यावी. पॅनेलच्या पडद्यावरची नावेही वाचून घ्यावीत, कारण जुन्या गोदामाच्या जागी हिशेब विभाग आला तरी पडद्यावर ‘गोदाम’च उमटत राहते आणि सुरक्षारक्षक भलत्याच जिन्याने धावतो. त्यानंतर एजन्सीकडून नमुना ‘अ’, म्हणजे यंत्रणा बसवल्याचे प्रमाणपत्र, घ्यावा. पुढे दर जानेवारीत व जुलैत भरायच्या नमुना ‘ब’मध्ये (यंत्रणा सुस्थितीत असल्याच्या प्रमाणपत्रात) वाढीव भाग समाविष्ट झाला आहे, याची पहिल्याच वेळी खात्री करावी.