एका जनावराच्या शेणात एकराचं खत: नाडेप टाकं असं भरा

आमच्या विदर्भात दोन-तीन एकरवाल्याच्या गोठ्यात आता एखाददुसरंच जनावर उरलंय. शेण आधीच थोडं, त्यातही उघड्या उकिरड्यावर निम्मा कस उन्हात आणि पावसात जातो. तिकडे धुऱ्यावर पराट्या-तुराट्या, म्हणजे कापसाची-तुरीची वाळकी झाडं, पेटलेल्या दिसल्या की जीव तुटतो. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी या दोन्हींची सांगड घातली: थोडं शेण आणि भरपूर काडीकचरा विटांच्या टाक्यात कुजवून खत करायचं. त्यांच्या नावावरूनच ‘नाडेप’. एका टाक्याला शेण लागतं जेमतेम 90-100 किलो, म्हणजे एका गाईचं दहा-बारा दिवसांचं.

टाकं उंच जागी, गोठ्याजवळ बांधा. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. विटा मातीत रचा, वरचे दोन थर तेवढे सिमेंटात. भिंतींत हवेसाठी भोकं ठेवायचीच. ती बुजवलीत तर आत सडतं, कुजत नाही.

सोयाबीनचं कुटार आधी जनावराला. गव्हाणीत उरलेलं, पालापाचोळा, बारीक तोडलेल्या पराट्या टाक्याला. दगड, काच, प्लास्टिक वेचून काढा.

भरताना आत शेणपाण्याचा सडा घाला. मग सहा इंच काडीकचरा, साधारण 100 किलो. त्यावर 4 किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून शिंपडा. वरून 50-60 किलो कोरडी, चाळलेली माती. असे अकरा-बारा थर. मातीचा कंटाळा करू नका. मी पहिल्या वर्षी माती वाचवली, तर टाकं आठवड्यात घाण मारायला लागलं. गोठ्यात जनावराखाली माती पसरून गोमूत्राने भिजू द्या आणि वाळवून तीच वापरा. गोमूत्रातलं नत्र वाया जात नाही. माझ्या मते सगळ्या खटाटोपातलं हेच सर्वांत मोलाचं काम.

टाकं एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांत भरून काठाच्या दीड फूट वर ढीग न्या आणि शेणमातीने लिंपा. पंधरा-वीस दिवसांत ढीग काठाखाली बसतो. तेव्हा तसेच थर देऊन पुन्हा लिंपायचं. भेगा दिसल्या की लिंपा, भोकांतून पाणी शिंपडत राहा. ओल गेली की काम थांबतं.

संक्रांतीनंतर भरलेलं टाकं मृगाआधी तयार होतं. मूठभर खत हातात घ्या: काळसर, भुरभुरीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. काडी ओळखू येत असेल तर अजून पंधरा दिवस थांबा. एका टाक्यातून अडीच-तीन टन निघतं, एका एकराला पुरतं. शेवटच्या वखरणीआधी पसरा आणि त्याच दिवशी मातीआड करा, उन्हात ढीग पडू देऊ नका. खत चाळून घेतलंत तर चाळणीत उरलेलं जाडंभरडं पुढच्या टाक्याच्या तळाला घाला.