घरी पाहण्यासाठी ऐतिहासिक माहितीपट सुचवताना

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकवेनासे झाले, की सोलापुरातल्या घराघरांतून ‘इतिहासावरचे काहीतरी चांगले बघायला सांगा’ अशी मागणी सुरू होते, आणि ज्याला वाचनाची व जुन्या चित्रफितींची थोडी आवड आहे त्याच्याकडे ती हटकून येते. अशा वेळी गाजलेल्या दहा नावांची यादी मोबाइलवरून पाठवून देणे सोपे असते, परंतु त्या यादीतले एकही नाव सहसा लावून पाहिले जात नाही. माहितीपट सुचवायचा तर तो एका विशिष्ट घराला सुचवावा, आणि सुचवताना पडद्यावरचे चित्र खरोखर त्या काळातले आहे की मागाहून तयार केलेले आहे, हेही सांगावे. ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण कादंबरी वाचणाऱ्याला आपण कादंबरी वाचत आहोत हे ठाऊक असते, माहितीपट पाहणारा मात्र समोर दिसते ते सगळे तसेच घडले असे धरून चालतो.

सुरुवात घराच्या चौकशीने करावी. टीव्हीसमोर कोण बसणार, किती वेळ बसणार, आणि कोणती भाषा सर्वांना कानांनी कळते, एवढे आधी विचारून घ्यावे. सोलापुरात भाषेचा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त येतो. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे असतात, आणि पूर्व भागातल्या कित्येक घरांत आजी तेलुगू बोलते, नातवंडे मराठी शाळेत शिकतात आणि बातम्या हिंदीतून ऐकल्या जातात. आमच्या ओळखीच्या अशाच एका घरातल्या सूनबाईंनी विचारले होते, “काका, सासूबाईंचा जन्म विड्या वळण्यात गेला, त्यांना वाचता येत नाही. त्यांनाही आमच्यासोबत बसून कळेल असं काही आहे का?” या प्रश्नाने निम्मी यादी तिथेच बाद होते, कारण खालच्या ओळी वाचत पाहावा लागणारा माहितीपट, मग तो कितीही थोर असो, त्या घरात आजींना एकटे पाडतो. तिथे हिंदी निवेदनाचा किंवा चित्रांवरच बराचसा उलगडणारा माहितीपट सांगावा. इंग्रजी निवेदनाचा सांगितलाच, तर अधूनमधून थांबवून दोन वाक्यांत समजावून देणारे कोणीतरी घरात आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

वेळेच्या बाबतीत लोक स्वतःविषयी फार आशावादी असतात. विठ्ठलभाई झवेरी यांनी १९६८ साली पूर्ण केलेला महात्मा गांधींवरील माहितीपट पाच तासांहून अधिक लांबीचा आहे. तो गांधीजींच्या खऱ्या चित्रणांतून, छायाचित्रांतून आणि त्यांच्याच शब्दांतून उभा केलेला असल्यामुळे मी तो आग्रहाने सुचवतो, पण एका बैठकीत पाहा असे कोणालाही सांगत नाही. चाळीस-पन्नास मिनिटांचे तुकडे करून तो आठवडाभर पाहावा. त्याच्या छोट्या आवृत्त्याही फिरत असतात, म्हणून दुवा पाठवण्यापूर्वी लांबी तपासून घ्यावी. एरवी पाहणाऱ्याच्या हाती कापलेला तुकडा येतो आणि आपण संपूर्ण माहितीपट पाहिला अशी त्याची समजूत होते.

आता चित्राच्या खरेपणाविषयी. यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही, चार कालखुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ काम होते. छायाचित्रणाची कला भारतात १८४०च्या सुमारास आली. हलते चित्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या खेळाने पोहोचले. १८९९ मध्ये सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतल्या कुस्तीचे चित्रण केले. चित्राबरोबर आवाज मुद्रित करण्याची सोय आपल्याकडे १९३०च्या आसपास आली, आणि पहिला भारतीय बोलपट १९३१चा आहे. एवढे हाताशी असले की शिवकाल किंवा पेशवाई यांवरील माहितीपटातले घोडेस्वार अर्थातच नटांनी साकारलेले आहेत, १८५७च्या उठावाचे हलते चित्रण असूच शकत नाही, आणि पहिल्या महायुद्धाच्या दृश्यांत ऐकू येणारा तोफांचा गडगडाट मागाहून जोडलेला आहे, हे घरबसल्या ओळखता येते. नटांकरवी प्रसंग उभे करण्यात गैर काहीच नाही. ते तसे आहेत हे पाहणाऱ्याला, विशेषतः मुलांना, आधी सांगितलेले असावे इतकेच.

खऱ्या छायाचित्रांचीही थोडी चौकशी करावी लागते. लखनौच्या सिकंदर बागेतल्या भग्न इमारतीसमोर हाडे विखुरलेली दाखवणारे फेलिचे बियातो याचे छायाचित्र १८५७वरच्या जवळजवळ प्रत्येक माहितीपटात येते. तिथला संहार नोव्हेंबर १८५७ मधला आणि छायाचित्र १८५८ मधले आहे, म्हणजे आपण लढाई पाहत नसून काही महिन्यांनंतरची जागा पाहत असतो. पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईवरच्या, १९१६ साली ब्रिटनमध्ये दाखवल्या गेलेल्या चित्रपटाचेही तसेच. त्यात सैनिक खंदकातून वर चढतात आणि त्यांतला एक घसरून खाली येतो ते सर्वांत प्रसिद्ध दृश्य आघाडीपासून दूर, सराव चालणाऱ्या जागी मुद्दाम घडवून घेतलेले आहे, आणि तरीही त्याच चित्रपटातला बराच भाग अस्सल आहे. हे पाहणाऱ्याला सांगितल्याने त्याचा रस कमी होत नाही, उलट तो पुढचे प्रत्येक दृश्य अधिक लक्ष देऊन पाहतो, असा माझा अनुभव आहे.

एखादे दृश्य घरच्यांबरोबर थांबवून पाहण्यासाठी दांडीयात्रेचे चित्रण सर्वांत चांगले. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली ही यात्रा ६ एप्रिलला मीठ उचलण्यापाशी पोहोचली, आणि तिच्या चित्रफिती अनेक माहितीपटांत वापरलेल्या आहेत. त्यांत गांधीजी झपाझप चालताना दिसतात. त्यांची चाल मुळात वेगवान होतीच, पण आजूबाजूची सगळी माणसे, कडेला उभी असलेली मुलेसुद्धा, किल्ली दिल्यासारखी झटके देत हलत असतील, तर तो त्या प्रतीचा दोष असतो. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चौकटी (फ्रेम) या बेताने चित्रण करत. तीच फीत पुढे चोवीस चौकटींच्या वेगाने चालवली की माणसे धावू लागतात. आता आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा लावावे. पावलांचा आवाज, जयघोष, समुद्राची गाज यांतले त्या फितीवर मुळात काहीच नव्हते, निवेदन आणि संगीतही नंतरचे, हे मुलांना एका मिनिटात पटते. गांधीजी स्वतःच्या आवाजात बोलताना पाहायचे असतील, तर १९३१ मध्ये फॉक्स मूव्हीटोन या अमेरिकी कंपनीने घेतलेली त्यांची मुलाखत आवर्जून शोधावी.

ही सवय सोलापूरकरांना विशेष उपयोगी आहे, कारण दांडीनंतर सव्वा महिन्यातच इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. मे १९३०च्या त्या दिवसांची म्हणून हलती, आवाजासह दृश्ये कोणी पाठवली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी मूळ कुठले, कोणत्या संग्रहातले, हे विचारलेच पाहिजे. आता संगणकाने जुन्यासारखी दिसणारी चित्रे हवी तितकी तयार करता येतात आणि मराठीतल्या पुष्कळ इतिहासविषयक चित्रफितींत ती बिनदिक्कत वापरली जातात. ज्या माहितीपटाच्या शेवटी चित्रे कोणत्या अभिलेखागारातून घेतली याचा उल्लेखच नाही, तो मी सुचवत नाही.

रंग भरलेल्या चित्रणाबाबत माझे मत थोडे सैल आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१८ साली केलेल्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या माहितीपटात पहिल्या महायुद्धाच्या फितींचा वेग सुधारला, रंग भरले, ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्यांची मदत घेऊन ते शब्द नटांकडून म्हणवून घेतले, आणि सोबत खऱ्या सैनिकांच्या पूर्वी मुद्रित केलेल्या आठवणी वापरल्या. इतकी ढवळाढवळ करूनही तो पाहण्यासारखा आहे, कारण ती कशी केली हे कर्त्यांनी उघड सांगितले आहे. तो सुचवताना एक वाक्य मात्र जोडावे : हा पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकांचा अनुभव आहे, आणि याच युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी आघाड्यांवर गेले होते त्यांची गोष्ट इथे सापडणार नाही. एखाद्या माहितीपटात काय नाही, हे सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही.

शिफारस लिहून पाठवायची तर ती अशा स्वरूपाची असावी : “‘द वर्ल्ड ॲट वॉर’, ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनची १९७३-७४ मधली २६ भागांची मालिका, प्रत्येक भाग साधारण पन्नास मिनिटांचा, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे, इंग्रजीत. दुसऱ्या महायुद्धातली माणसे त्या वेळी हयात होती, त्यामुळे हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर आणि साधे सैनिक व नागरिकही स्वतः बोलताना दिसतात. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा चौदावा भाग आधी पाहा, मग पहिल्यापासून सुरुवात करा. ज्यूंच्या संहारावरचा विसावा भाग मुलांसोबत पाहू नका.” एवढ्या मजकुरात वर्ष, लांबी, भाषा, पाहण्याचे कारण, सुरुवात कुठून करावी आणि सावधगिरी हे सगळे येते. कोणत्या ॲपवर आहे, हे त्याच दिवशी स्वतः तपासून कळवावे, कारण तिथली नावे येत-जात असतात.

सावधगिरीच्या बाबतीत भिडस्तपणा करू नये. अलँ रने यांचा ‘नाइट अँड फॉग’ केवळ ३२ मिनिटांचा आहे, आणि छोटा म्हणून तो सहज सुचवला जातो, पण त्यातली नाझी छळछावण्यांची दृश्ये मोठ्या माणसालाही अनेक दिवस सोडत नाहीत. क्लोद लांझमान यांच्या ज्यूंच्या संहारावरच्या, नऊ तासांहून लांब ‘शोआ’मध्ये (१९८५) जुने एकही चित्रण वापरलेले नाही. केवळ बोलणारी माणसे आणि चित्रीकरणाच्या वेळी दिसत होत्या तशा त्या जागा आहेत, आणि तरी तो तितकाच जड आहे. हे दोन्ही मी प्रौढांना सांगतो, तेही त्यांनी त्या विषयावर काही वाचलेले असेल तर.

माहितीपट आणि कथाचित्र यांची गल्लत घरोघरी होते, म्हणून नाव घेतानाच फरक सांगावा. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये केलेला चित्रपट जरूर पाहावा, पण त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम करीत आहेत, हे ध्यानात ठेवून. श्याम बेनेगल यांची दूरदर्शनवरची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ हीदेखील बव्हंशी नाट्यरूप आहे. हिंदी निवेदन, ओळखीचे नट आणि स्वतंत्रपणे पाहता येणारे भाग, यांमुळे तीन पिढ्या एकत्र बसणार असतील तर मी तिचेच नाव आधी घेतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना त्यांचीच २०१४ मधली दहा भागांची ‘संविधान’ सांगावी. संविधान सभेतल्या चर्चांचे मूळ वृत्तान्त छापील आणि संगणकावरही उपलब्ध आहेत, तेव्हा एखादा भाग पाहून त्या दिवसाची चर्चा वाचून ताडून पाहता येते, आणि असा अभ्यास नुसत्या टिपणांपेक्षा पुष्कळ टिकतो.

वेळ खरोखरच कमी असलेल्यांसाठी १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या माहितीपट बनवणाऱ्या तेव्हाच्या सरकारी संस्थेचा साठा आहे, त्यातले बरेचसे यूट्यूबवर मोफत पाहता येते. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ चा ‘आय ॲम ट्वेंटी’ तिथूनच सुरू करावा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली, विशीत आलेली मुले देशाविषयी काय वाटते ते कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलतात, आणि आजच्या विशीतल्या मुलांना तो दाखवला की त्यांना लगेच स्वतःचे बोलायचे असते. सत्यजित राय यांचा १९६१ चा रवींद्रनाथांवरील माहितीपट तासाभराच्या आत संपतो. त्यात बालपणीचे प्रसंग नटांकडून केलेले आहेत आणि पुढचा बराच भाग अस्सल छायाचित्रांचा व चित्रणांचा आहे, तेव्हा एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते ओळखायला मुलांना सांगावे.

सुचवून झाले की आठ-दहा दिवसांनी घरी विचारपूस करावी, आणि ‘आवडला का’ यापेक्षा ‘पाहताना कोणता प्रश्न पडला’ असे विचारावे, कारण पुढची शिफारस त्या प्रश्नावरूनच ठरते. ब्रह्मदेशाचा भाग पाहून कोणी आझाद हिंद सेनेविषयी विचारले, तर लगेच दुसरा माहितीपट न सांगता आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जागी जाऊन त्या विषयावरचे एखादे पुस्तक चाळायला सांगावे. नेताजींवरची चित्रणे त्यानंतर लावली, तर दृश्य १९४३चे सिंगापूरचे आहे की आणखी कुठले, हे ते स्वतःच विचारू लागतात.