आषाढात गावी आलेल्या चाकरमान्यासाठी

कोकणातला चाकरमानी मुंबईहून गावी येतो तो शिमग्याला, मे महिन्यात आणि चतुर्थीला. आषाढात आला तर घरात मयत झालेलं असतं, नाहीतर जमिनीच्या केसची तारीख असते. गेल्या वर्षी आषाढात मी तुतारी एक्स्प्रेसने नांदगावला उतरलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. रिक्षावाल्याने बॅग मागे टाकता टाकता विचारलं, "आये बरी हा मां?" आई बरी होती. नोकरी गेली होती.

भिवंडीतल्या एका पॅकेजिंग कंपनीत १७ वर्षं मी स्टोअर सांभाळलं. एका शुक्रवारी दुपारी अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं, त्यात माझा नंबर सातवा. त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत गावात मी ज्या चुका केल्या आणि जे थोडंफार जमलं, ते इथे लिहितोय. नवी नोकरी कशी शोधावी हे यात नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. वाडीत, नात्यात ही गोष्ट सांगायची कशी आणि सांगून झाल्यावर वावरायचं कसं, एवढंच.

आधी कागद, मग माणसं

लोक काय म्हणतील याची काळजी घरी गेल्यावर करा. केबिनमध्ये फक्त कागदाची करा. माझ्यासमोर टाइप केलेला राजीनामा ठेवला, "तुमचं रेकॉर्ड चांगलं राहील" म्हणाले आणि मी सही केली. घाबरलो म्हणून केली असं मी बरेच दिवस सांगायचो. खरं तर लाजेने केली. 'काढलं' यापेक्षा 'सोडली' बरं दिसेल असं वाटलं. नोटिशीचा पगार, नुकसानभरपाई हे विषय त्या सहीबरोबरच मिटले. आणि गावात त्या राजीनाम्याचा उपयोग शून्य, कारण सेहेचाळिसाव्या वर्षी, दोन पोरं शिकत असताना, भरल्या ताटावरून कोण उठतं हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा सहीसाठी एक दिवस मागून घ्या. कपातीमुळे कमी केलं असं लिहिलेलं पत्र मागा, अनुभवाचा दाखला मागा.

राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही. नोकरीची पाच वर्षं भरलेली हवीत. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. माझे २२,१०० होते. म्हणजे दिवसाचे ८५०, पंधरा दिवसांचे १२,७५० आणि १७ वर्षांचे २,१६,७५०. ३० दिवसांत हातात यायला हवेत. पीएफच्या खात्यात कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते, पण मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. माझा जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. तेवढ्यासाठी भर पावसात देवगडला दोन खेपा झाल्या. आणि कंपनीच्या मेडिक्लेमवर आईवडिलांची नावं असतील तर ते पहिल्याच आठवड्यात बघा, तो बहुधा नोकरीबरोबरच जातो.

हा दोन लाखांचा आकडा आता इथे लिहिला, कारण पैसे संपले. तेव्हा मी तो चुलतभावाला सांगितला होता. आठवड्यात तिघांनी उसने मागितले, चौथ्याने भागीत टेम्पो घेऊया म्हटलं. नोकरी गेल्याची बातमी पायी जाते, पैसे मिळाल्याची एसटीने.

खोटं बोलायचंच असेल तर नेटवर्क बघून बोला

पहिले नऊ दिवस मी सांगितलं की 'वर्क फ्रॉम होम' चालू आहे. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज नाही. ती मिळते वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून रोज सकाळी नऊला मी लॅपटॉपची बॅग पाठीला, डोक्यावर छत्री, असा सडा चढायचो आणि टाकीच्या आडोशाला कातळावर बसून दुपारपर्यंत जुने फोटो बघायचो. वारा असा की छत्री दोनदा उलटी झाली. पाचव्या-सहाव्या दिवशी गुरं घेऊन आलेला शेजारचा बारावीतला पोरगा जवळ येऊन बसला. थोडा वेळ बघत राहिला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "काका, गोडावनातलो माल हयसून मोजतास?"

तो चेष्टा करत नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

वाडीला कळलेलं असतंच. लपवलंत की त्याचं कारण वाडी स्वतः तयार करते आणि ते कारण कधीच कपात नसतं. माझ्याबाबतीत, आईच्या कानावर आलं ते असं: "कायतरी केल्यान आसतला." स्टोअरचा माणूस, म्हणजे माल विकला असणार. १७ वर्षं मी खिळ्याचा हिशेब ठेवला आणि नऊ दिवसांच्या खोटेपणात चोर झालो. कपातीचं पत्र हवं ते याचसाठी. दाखवत फिरायचं नाही, पण घरात फाइलला आहे हे आईला माहीत असलं की ती मान वर करून उत्तर देते.

एक वाक्य पाठ करून ठेवा

माझे वडील मुंबईत कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी आमच्याकडचे. मी तेव्हा चार वर्षांचा. आई सांगते, त्या वर्षी मनिऑर्डरी थांबल्या, घरात पेज आणि सुके बांगडे, पण वाडीत एकानेही बाबांना "कधी जातलंस?" विचारलं नाही. प्रत्येक घरच्या पडवीत एक माणूस बसलेला होता, कोण कोणाला विचारणार? तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनी, आंब्याच्या बागा राखण करत असतानाही, कोणी विचारलं तर बाबा हसत म्हणायचे, "संप चालू हा."

याचा मी बराच विचार केला. बाबांची नोकरी अडीच लाखांत गेली, माझी अकरांत. गर्दीत गेली की संकट, एकट्याची गेली की त्याचा दोष. त्यांच्याकडे लोकांनीच तयार करून दिलेलं तीन शब्दांचं उत्तर होतं. आपल्याला ते स्वतः बनवावं लागतं.

मी असं बनवलं: "कंपनीन अकरा माणसां कमी केल्यानी, तेच्यात मी एक. दिवाळेपर्यंत हयच आसंय." यात तीन गोष्टी आहेत. काय झालं, मी एकटा नव्हे, आणि किती दिवस. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण चाकरमान्याला विचारला जाणारा खरा प्रश्न "किती दिवस?" हाच असतो. तारीख दिलीत की समोरचा माणूस सुटतो आणि तुम्हीही. दिवाळीला काही झालं नाही तर शिमगा सांगा. 'ब्रेक घेतलाय', 'बघतोय काहीतरी स्वतःचं' असलं काही नको, त्याने पुढचे चार प्रश्न ओढवतात. आणि वाक्य संपलं की गप्प बसा. मालकाची नालस्ती सुरू केलीत की लोकांना वाटतं, भांडूनच निघालेला दिसतो.

हे वाक्य आधी घरात बोला. बायकोला मी त्याच रात्री सांगितलं होतं, पण नववीतल्या मुलीला नाही, आणि तिला ते वर्गातल्या मैत्रिणीकडून कळलं, जिचे वडील माझ्याच कंपनीत. तो राग अजून पुरता उतरलेला नाही. मग आई, मग सख्खे भाऊ. त्यानंतर, ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला मुद्दाम शोधून सांगा. आमच्याकडे ती मासे घेऊन येणारी काकी. जून-जुलै यांत्रिक बोटींना बंदी, त्यामुळे तिच्या पाटीत तेव्हा सुकंच, पण बातमी ताजी. तिला मी खळ्यात बसवून, चहा देऊन, वाक्य दोनदा ऐकवलं. दोन दिवसांनी तिठ्यावरच्या टपरीत ते जवळजवळ शब्दशः परत ऐकलं, फक्त अकराचे एकवीस झाले होते. चालेल.

गाऱ्हाणं

आता जो उपाय सांगतो तो आमच्याकडचाच आहे, आणि मी काही फार देवदेव करणारा नाही. आई मागे लागली म्हणून सोमवारी देवळात नारळ घेऊन गेलो. अपेक्षा अशी की गुरव पुटपुटेल, नारळ ठेवेल, घरी येऊ. पण पाऊस धरलेला, शेतातून आलेली दहा-बारा माणसं देवळातच अडकलेली. गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, मला समोर उभं केलं, घसा साफ केला आणि जे सुरू केलं ते कौलांपर्यंत गेलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे.

"तेचो जो काय कामधंदो सुटलो हा, तो तेची काय एक चूक नसताना सुटलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका पुन्हा कामाक लाव, आणि कोणी तेच्याबद्दल वाकडा बोलत आसात, तर तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

इथे आवाज सगळ्यात मोठा आला. आणि त्या आवाजात तो माणूसही होता ज्याने माल विकल्याचं पिल्लू सोडलं होतं. चप्पल शोधताना त्याने मला तंबाखू पुढे केली. मी खात नाही, पण घेतली.

तुमच्या गावात गाऱ्हाण्याची रीत नसेल तर भजनाच्या रात्री, वाडीच्या बैठकीत, कुठेतरी चारचौघांत एकदा मोठ्याने बोलून टाका. दारोदार चाळीस वेळा हळू सांगण्यापेक्षा ते बरं.

आता किरकोळ. बायको डोंबिवलीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिचा पगार चालू आहे. "म्हणजे आता बायलेच्या जीवार" हे ऐकावं लागतं, बायकांकडूनच जास्त. मी "होय" म्हणतो. एवढ्यावर विषय संपतो, कारण समोरच्याला तुम्ही चिडायला हवे असता. लग्नाचा मुलगा असेल तर मात्र मध्यस्थाला त्याच आठवड्यात सांगा. आमच्याकडे मुलीचे वडील मुंबईतली नोकरी आणि खोली दोन्ही विचारतात, आणि ठरल्यावर कळलं तर फसवणूक धरतात. स्थळ जाईल कदाचित. जाऊ दे, जुलैत गेलेलं स्थळ मांडवातून गेलेल्यापेक्षा बरं.

आणि सकाळी अकराला पडवीत बसू नका. हा सल्ला बायकोला पटत नाही, तिच्या मते हेही सड्यावर लॅपटॉप घेऊन जाण्यासारखंच सोंग आहे. असेल. पण लावणीच्या दिवसांत सगळी वाडी चिखलात असताना इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइल चाळणारा माणूस मलाही बघवला नसता. मी चुलत्यांच्या मळ्यात तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला गेलो. पहिल्या दिवशी कंबर अशी धरली की रात्री कुशीवर वळता येईना. माझ्या हातचं रोप वाकडं लागतं यावर बायका हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं.

चतुर्थीच्या आधी वाडीची बैठक शाळेत झाली. वर्गणीच्या दोन याद्या असतात, मुंबईकर दोन हजार, गाववाले पाचशे. दोन हजार देऊन टाकावे असं मला आदल्या रात्रीपर्यंत वाटत होतं. आईनेच विचारलं, "कोणाक दाखवूक?" नाव आल्यावर खजिनदाराने चष्म्यावरून बघितलं. "तुझा नाव खंय घालू?"

"ह्या वर्षी गाववाल्यांत," मी म्हटलं.

त्याने मुंबईकरांच्या यादीतल्या माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली, दुसऱ्या पानावर सगळ्यात खाली ते लिहिलं, पुढे पाचशे मांडले आणि वर न बघताच म्हणाला, "मगे भजनाक झांजो तुझ्याकडे. गाववाल्यांका नुसता बसान चलणा नाय."