आरओचा मेम्ब्रेन चार महिन्यांतच चोक होत असेल तर

आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११००. आरओची टाकी भरायला रात्र लागायची. कँडल, कार्बन हे फिल्टर बदलले; मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा मुख्य फिल्टर, दोनदा बदलला. चार महिन्यांत पुन्हा तेच. फार वैताग आला.

दोष एफआरमध्ये (फ्लो रिस्ट्रिक्टर) होता, म्हणजे वाया जाणारं पाणी ठरावीक वेगानं सोडणाऱ्या छोट्या तुकड्यात. तो क्षारांनी बुजला की खारं पाणी मेम्ब्रेनमध्येच साचतं. रिजेक्टची, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याची, नळी मापात धरली: मिनिटाला जेमतेम ८० मिली. एफआरवर छापलंय ४५०!

प्लग काढला, नळ बंद केला. आधी नवा मेम्ब्रेन, मग ४५०चाच नवा एफआर, बाण ड्रेनकडे. पुन्हा मोजलं: ४४०. पहिली टाकी ओतून दिली. आता दर महिन्याला मोजते; ३५०च्या खाली आलं की फक्त एफआर बदलायचा.