लाल लघवी आणि गोठ्यातला नेचा

उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात पहिला पाऊस पडला की गवताआधी नेचा माजतो. माझं सांगणं एकच आहे: ब्रॅकन जातीचा नेचा गायीच्या तोंडी लागू देऊ नका आणि तिच्याखाली अंथरूही नका. चरायला जपणारे लोकही गोठ्यात तोच पसरतात आणि भुकेली गाय रात्री तो चघळत बसते. अशा कित्येक दुभत्या गायी खंगून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. नेचा वाळला तरी त्यातलं विष पुरतं जात नाही. सर्वांत जास्त विष कोवळ्या, गुंडाळलेल्या कोंबात असतं.

त्या विषाचं नाव टाक्विलोसाइड. १९८३ साली ते वेगळं काढलं गेलं. गायीची लघवी अल्कधर्मी असल्यामुळे मूत्राशयात ते जहाल रूप घेतं आणि पेशींच्या डीएनएला चिकटतं. सोबत ऑक्सिडेशनचा मारा असतोच: पेशींची आवरणं झिजतात, ग्लुटाथायोनसारखं शरीराचं संरक्षण आटतं. त्यात पॅपिलोमा विषाणू २ (गायींत चामखिळी आणणारा विषाणू) अंगात असेल तर मूत्राशयात गाठी धरतात आणि त्यांतून लघवीत रक्त उतरतं. हे सगळं महिनोन् महिने आतल्या आत चालतं.

म्हणून लाल लघवी दिसताच ती काचेच्या बाटलीत धरून तासभर ठेवा. लाल थर तळाशी बसला तर ते रक्त. सगळी बाटली कॉफीसारखीच राहिली तर गोचीडताप किंवा व्याल्यानंतरची फॉस्फरसची कमतरता असू शकते. आपल्याकडे महाराष्ट्रात बहुतेकदा हेच निघतं. गोचीडताप ठरला तर डॉक्टर डिमिनाझीन हे औषध वजनाच्या किलोमागे ३.५ मिलिग्रॅम स्नायूत देतात.

दुकानदार मात्र रक्त थांबवायची इंजेक्शनं आणि महागड्या अँटिऑक्सिडंट पावडरी गळ्यात मारतात. व्हिटॅमिन ई, सेलेनियमने थोडा आधार मिळेल, पण धरलेली गाठ विरघळत नाही. ते पैसे चाऱ्याला घाला. माझा अनुभव सांगतो, लाली नुकती दिसली असताना नेचा बंद केला तर काही गायी सावरतात. गुठळ्या पडू लागल्यावर क्वचितच.

बाकीची कामं:
- नेचा कोवळा असताना वर्षातून दोनदा कापणं, सलग तीन वर्षं
- अंथरायला भाताचा पेंढा किंवा वाळलेला पाला
- जंतनाशक, गोचीड नियंत्रण
- चरायला सोडण्याआधी पोटभर वैरण

नेचा खाणाऱ्या गायीच्या दुधातही हे विष उतरतं. तिचं दूध लहान मुलांना देऊ नका, वासरालाही दुसरीचं पाजा.