मालवणला पोवळी बघायची कशी, खास नाशिककरांसाठी

दिवाळी झाली की आपल्याकडून गाड्या भरून लोक मालवणला जातात, स्नॉर्केलिंग करतात आणि "खाली नुसते दगड होते यार" म्हणत परत येतात. अरे ते दगड नव्हते, पोवळी होती, जिवंत प्राणी. (अंगठीतलं लाल पोवळं ते हे नाही, ती जात वेगळी.)

आधी द्राक्षाच्या भाषेत सांगतो म्हणजे पटकन डोक्यात बसेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (वेल पार खाली छाटतात ती) काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, सूक्ष्म घड तयार होतो, नेमकं तेव्हाच ढगाळ राहिलं की बाग दिसते हिरवीगार पण ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरतो, घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा आधाराचा तंतू, निघते. पोवळ्याचंही तसंच. बऱ्याच जातींची अंडी कित्येक महिने आत तयार होत असतात आणि वर्षातल्या एखाद-दोन रात्री, बहुतेक पौर्णिमेनंतर, सगळी मिळून ती एकदम पाण्यात सोडतात. मधेच पाणी तापलं तर अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, त्याला खाऊ घालणारं तेच, मग रंग उडून पोवळं पांढरं पडतं, आणि जे उपाशी आहे ते जीव वाचवेल का अंडी घालेल? थंडीत रंग परत आला तरी त्या हंगामाचा माल गेलेला असतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या पोवळ्यांच्या भल्यामोठ्या पट्ट्यावर २०१६ आणि २०१७ ला लागोपाठ पाणी तापलं, २०१८ ला नवीन पिल्लं खडकाला चिकटून बसायचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घसरलं.

आता पाण्यात उतरताना. सनस्क्रीनच्या डबीवर ऑक्सिबेन्झोन हे रसायन लिहिलं असेल तर ती घरीच ठेवा, लॅबमध्ये त्याने पोवळ्याची पिल्लं वेडीवाकडी झालेली दिसलीत, हवाईत तर २०२१ पासून अशी सनस्क्रीन विकायलाच बंदी आहे. सरळ फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला, स्वस्तात काम. पोवळ्यावर उभं राहायचं नाही आणि तळाशी पाय मारून वाळू उडवायची नाही, कारण पिल्लू म्हणजे जेमतेम दिसेल असा पोहणारा ठिपका, त्याला चिकटायला स्वच्छ खडक लागतो, गाळ बसला की विषय संपला. खाडीतून येणाऱ्या गाळापुढे आपले पाय ते किती, मान्य, पण बोटीमागून बोटी रोज त्याच जागी माणसं उतरवतात ना. नांगर पोवळ्यावर टाकत असतील तर बोटवाल्या दादांना आधीच सांगा, एकदा पडला की सांगून उपयोग नाही. तुकडा आठवण म्हणून उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ही पोवळी येतात.

आणि बघायचं काय, तर मोठी पोवळी सगळेच बघतात, तुम्ही खडकावर नखाएवढ्या टिकल्या शोधा, ती नवीन पोवळी. मोठी भरपूर आणि टिकली एकही नाही असं दिसलं तर बाग वरून हिरवी आहे आणि आत बाळी निघतेय असं समजा. फोटोत साइज कळावी म्हणून बोट लावायचा मोह होईल, लांबूनच काढा.