‘ब्लॅकवॉटर पार्क’ पहिल्यांदा कसा ऐकावा

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडची ओळख करून घ्यायची असेल, तर २००१ सालच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ या अल्बमपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकत या, असे सांगणारे लोक नवख्याची दमछाक करतात. याच बँडच्या ‘डॅम्नेशन’पासून सुरुवात करा, हा सल्ला तर त्याहून वाईट आहे, त्या अल्बममध्ये बँडचे एरवीचे गुरगुरते गायन मुळीच नाही, त्यामुळे पुढचा अल्बम लावताच माणूस दचकतो आणि बँडच सोडून देतो.

बाजाराच्या दिवशी तालुक्याला चांगले नेटवर्क मिळते, तेव्हा आठही गाणी उतरवून घ्यावीत आणि शफल बंद ठेवावे. इअरफोन वायरचे, साधे असले तरी चालतात. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र मार्टिन मेंडेझच्या बास गिटारचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो.

अल्बम सदुसष्ट मिनिटांचा आहे, तेवढी सलग सवड काढावी. जागलीवर वेळच वेळ असतो म्हणून तिथे दोन्ही कानांत इअरफोन घालून बसू नये. पऱ्हाटीत शिरलेले रानडुक्कर किंवा रोही आधी कानालाच कळते. घरी, दुपारची जेवणे आटोपल्यावर ऐकावे.

खरी अडचण ग्राउलची, म्हणजे त्या गुरगुरत्या गायनाची आहे. मलाही हाच टप्पा जड गेला होता आणि ‘हळूहळू सवय होईल’ या सल्ल्याचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. नावडत्या आवाजाकडे दात-ओठ खात लक्ष देत राहिले की तो अधिकच नावडता होतो. मिकाएल ओकरफेल्ट हा एकच गायक स्वच्छ, हळवा आवाजही लावतो आणि ग्राउलही करतो, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. ग्राउल म्हणजे बेभान ओरडणे नव्हे. स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंपित करून काढलेला तो एक नियंत्रित आवाज आहे आणि त्याचे शब्द तालाला चिकटून चालतात.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त तिसरे गाणे, ‘हार्वेस्ट’, ऐकावे. त्यात ग्राउल नाही. त्यानंतर ‘द ड्रेपरी फॉल्स’ हे जवळपास अकरा मिनिटांचे गाणे घ्यावे. त्याची सुरुवात संथ आहे, स्वच्छ आवाज बराच वेळ चालतो आणि ग्राउल येतो तो गाणे मध्याकडे सरकल्यावर. तो येण्याआधीच कान मार्टिन लोपेझच्या ड्रमवर नेऊन ठेवावा आणि तिथून हलू देऊ नये. तुकडोजी महाराजांची भजने ज्याने मंडळात बसून ऐकली आहेत, त्याला खंजिरीच्या ठेक्यामागे कान लावायला कोणी शिकवावे लागत नाही. इथेही तेच करायचे आहे. ड्रम पकडलेला असला की ग्राउल त्याच ठेक्यावर पडतो आहे हे ऐकू येते, आणि मग तो आवाज गाण्यावर चाल करून आल्यासारखा वाटत नाही, गाण्यातलेच एक वाद्य वाटू लागतो. हे गाणे असे पुन्हा पुन्हा ऐकावे. या टप्प्यावर गीतांचे शब्द वाचत बसू नये; नजर अक्षरांवर गेली की कान ठेका सोडतो. आवाजही वाढवू नये, कारण मोठ्या आवाजात ग्राउल आणि गिटारचा एकच गोळा होतो.

त्यानंतर अल्बम पहिल्या गाण्यापासून सलग लावावा. निर्मितीत स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराचा हात होता आणि ‘ब्लीक’ या दुसऱ्या गाण्यात त्याचा आवाजही आहे. सातवे ‘पॅटर्न्स इन द आयव्ही’ हे दोन मिनिटांहूनही लहान, शब्दांवाचूनचे गाणे लोक पुढे ढकलतात. तसे अजिबात करू नये. त्यापाठोपाठ येणाऱ्या बारा मिनिटांच्या शीर्षकगीतात गायन सगळे ग्राउलमध्ये आहे, आणि त्या शांततेनंतर आले तरच त्याचे वजन कळते.

पुढे ‘स्टिल लाइफ’ (१९९९) आणि ‘घोस्ट रेव्हरीज’ (२००५) घ्यावेत, ‘डॅम्नेशन’ (२००३) त्यानंतर. ‘हेरिटेज’पासून (२०११) बँडने ग्राउल सोडला आणि २०२४ च्या अल्बममध्ये तो परत आणला, त्यामुळे मधले अल्बम शेवटी ऐकले तरी काही बिघडत नाही.